पहिली सही

रामवाडी, पेण
८ जानेवारी २०२५

चि. सगुणास दादाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. माझ्या हातून वाईट झाले आहे. गल्लीमागच्या मोकळ्या जागेत आजवर फक्त बंगल्यांना परवानगी होती. नगरपालिकेच्या नव्या आराखड्यात तिथे एकेका खोलीची स्वस्त घरे धरली आहेत. गल्लीने हरकतीचा अर्ज केला, की चार मजले उठले तर मूर्ती वाळवायला ऊन राहणार नाही, आणि कोण कुठले लोक येतील. माघी चतुर्थीला वर्षाच्या पहिल्या मूर्तीचे डोळे मी आखतो, म्हणून पहिली सहीही माझीच घेतली. मागोमाग एकेचाळीस जणांनी केल्या.

परवा तुझी नूतन येऊन म्हणाली, त्याच घरांसाठी ती नाव घालणार आहे. मी गप्प बसलो. तेव्हापासून जेवण जात नाही. तिला कसे सांगू?

काळुराम

रोहा
१४ जानेवारी

ती. दादास सगुणाचा सा. न. वि. वि.

अर्जाची प्रत नगरपालिकेच्या फळ्यावर लागली, तेव्हाच नूतनने वाचली. मामाचे अक्षर अजून सुरेख हाय, एवढेच म्हणाली. ठाऊक असूनच ती तुझ्याकडे आली होती. तू काही बोलशील म्हणून दोन कप चहा प्यायली. पहाटे रोह्याहून निघून ती पेणच्या दवाखान्यात कामाला पोचते, परतते तेव्हा तिची लेक झोपलेली असते. कोण कुठले ते आम्हीच, दादा. आपले आजोबा मिठागरावरून रामवाडीत आले, तेव्हा कोणी अर्ज केला होता?

तिळगूळ पाठवते. साखर वाढलेली असली तरी एक खा. रागावले आहे, तरी तुझीच,
सगुणा

रामवाडी
३ फेब्रुवारी

चि. सगुणास आशीर्वाद.

ती जागा आमच्या उत्तरेला. हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून येते, तिथल्या घरांची सावली आमच्या अंगणात पडणारच नाही. साठ वर्षे मूर्ती वाळवल्या, मला हे सही करतानाही कळत होते. एकेचाळीस दारी जाऊन तसे सांगितले. शेजारच्या केरूने विचारले, भाचीने किती तिळगूळ चारला. नऊ जणांनी नाव मागे घेतले. सुनावणीत उभा राहून मीही घेतले. निकाल अजून नाही.

परवा माघी चतुर्थीला मला बोलावले नाही. डोळे केरूने आखले. कुंचला मात्र माझ्याकडेच मागायला आले. दिला.

नूतन कामावरून आली होती. या वेळी तिचा चहा निवायच्या आत मी सगळे बोललो. तिने कप रिकामा केला. मग म्हणाली, केरूमामाने एक डोळा तिरळा आखलाय.

राग सरेल तेव्हा ये. वाट बघतो.
तुझा दादा