कोल्हापूरच्या नव्हे, बेळगावच्या मोटारीत

कमलवैनी,

पाणी गाळायचं फडकं सकाळी पहिल्यांदा तूच हातात घेतेस, म्हणून चिठ्ठी त्यात ठेवली. वाचून चुलीत घाल.

आप्पांना वाटतंय मी कोल्हापूरला मास्तरणीचं शिकायला चालले. मी बेळगावच्या मोटारीत बसणार हाय. तिथल्या दवाखान्यात नर्सचं शिकवतात, मला घेतलंय. मोटार सुटेपर्यंत अण्णाला स्टँडकडं फिरकू देऊ नकोस. भाऊ म्हणून त्यानं हाताला धरून परत आणलं तर पुन्हा निघायचा धीर मला व्हायचा न्हाय.

भीती लई वाटते. रक्त बघितलं की मला भोवळ येते, तुला ठाऊक हाय. रातपाळी असते म्हणे, आणि आपल्या जैनांच्या नेमानं दिवस मावळल्यावर मी जेवणार न्हाय. विधवा पोर परक्या पुरुषांची अंगं पुसते म्हटल्यावर आप्पा दारात तरी उभं करतील का?

पण तुझं मागल्या खेपेचं बाळ डोळ्यापुढनं हलत न्हाय. सुईणीनं तंबाखू कापायच्या विळ्यानं नाळ कापली. आपण तो गाळलेल्या पाण्यानं धुऊन दिला होता, चोख झाला म्हणून. आठवड्यात बाळाची दातखीळ बसली आणि ते गेलं. ते त्या विळ्यानंच, असं दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या.

यंदा तुझे दिवस भरतील तेव्हा माझं शिकून झालेलं नसेल. कोनाड्यात नवं पातं ठेवलंय. सुईण काही म्हणू दे, ते खळखळ उकळल्याबिगर तिच्या हातात देऊ नकोस.

नुसतं गाळलेलं पाणी चालत न्हाय, वैनी.

राजमती