एक डबा, सहा पत्ते

सोमवार, ६ जानेवारी. सकाळी ११.२०
आमच्या किन्हवलीच्या वाचनालयाचं इंटरनेट तोडलं. मी समोर बसलेली असताना! कंपनीचा तपासनीस मुरबाडहून मोटरसायकलवर आला, दारात मोबाइल फिरवला. "मॅडम, आम्ही वायफायचा डबा दिला एक. हवेत सहा डब्यांचे पत्ते दिसतात. चोरून लावलेले पाच काढा."
म्हटलं, शोधा. कपाटामागे वाकला, माळ्यावर चढला, डोक्याला कोळ्याची जाळी लावून उतरला. डबा एकच. तरी लाइन बंद. वर पाणी मागितलं. दिलं, काय करणार.
वरच्या पाड्याची रखमा तेवढ्यात आलेली. लेक-जावई वीटभट्टीवर, भिवंडीकडे. तिथेच रविवारी नातीचं बारसं. पाळणा रखमा इथून म्हणणार, पडद्यावर. "बाई, आता कसं? माझ्याबिगर पाळणा हलायचा नाय."

मंगळवार
डब्याच्या बुडाशी त्याचा स्वतःचा पत्ता छापलाय, म्हणजे कारखान्याने दिलेला ओळखक्रमांक, शेवटी ४०. मोबाइलवर दिसतात ते ४१ ते ४६. आधीचे आकडे सगळे तेच, शेपूट तेवढं वेगळं. चोरीचे डबे असे ओळीने उभे राहतात होय?

बुधवार
सापडलं! नावांमुळे. आधी 'खालचा पाडा' एवढंच नाव होतं, तर बाकीच्या बायका जोडायच्याच नाहीत. "खालच्यांचं नाव आमी कशाला दाबू?" म्हणून त्याच डब्यावर मी तीन नावं केली: वरचा, मधला, खालचा. डब्यात रेडिओ, म्हणजे लहरी सोडणारे भाग, दोन. दर नावाला दर रेडिओवर डबा स्वतःच पुढचा पत्ता देतो. तीन दुणे सहा.
रखमासमोर मधलं नाव बंद केलं. दोन पत्ते गुल. चालू केलं, दोन्ही हजर. "परत करा ना, बाई!" पुन्हा केलं. आणि पुन्हा. दोघी हसून बेजार. तेवढ्यात मधल्या पाड्याची सुमन दारात. "आमचंच का इझवताय?" तिला चहा पाजावा लागला.

गुरुवार
तपासनिसाला फोन. "दोन नावं काढा मॅडम, लगेच चालू करतो." म्हटलं, एका नावालाही दोन पत्ते दिसतील, मग एक डबा चोरीचा का? त्याने फोनच ठेवला.
सुमन ऐकत होती. म्हणे, "आमचं काढा, खालच्यांचंबी काढा. वरचं ठेवा. नात काय एका पाड्याची हाय?"
ही तीच सुमन! रखमाने तिला मिठीच मारली. मला नाक पुसावं लागलं. पण नाव एकही काढणार नाही. लहानपणी कॉन्व्हेंटात सिस्टरांनी आवाज चढवायला बंदी केली होती, म्हणून पत्र लिहिते.

शुक्रवार, १०
कंपनीच्या शहापूरच्या ऑफिसात पत्र स्वतः दिलं, पोच घेतली. शेवट बरा जमलाय, उतरवून ठेवते:
"एका छपराखाली तीन चुली पेटल्या म्हणून तीन घरं होत नाहीत. डबा एकच आहे. पत्ते त्यानेच, कारखान्याने ठरवलेल्या रीतीने, ओळीने वाटले आहेत. येऊन पाहा. लाइन जोडा, आणि चोरीचा आरोप मागे घेतल्याचं उद्या, शनिवारी, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवा. फोन चालणार नाही. रविवारी तर मुळीच करू नका, आम्ही गात असू."