तळघराला पुरेल एवढी शेगडी

माय, आपल्या घराखाली तळघर तू कशासाठी काढून घेतलं होतंस? बाबा म्हणतात, कापूस ठेवायला. आत्या म्हणते, उन्हाळ्यातल्या दुपारी निजायला. तू मला काहीच सांगितलं नव्हतंस, आणि मी सातवीत होते, विचारायचं सुचलं नाही. पुढच्याच वर्षी तू गेलीस.

तो खड्डा मात्र मला लख्ख आठवतो. काळ्या मातीत घर बांधायचं तर मुरूम लागेपर्यंत खोल जावं लागतं, नाहीतर भिंती तडकतात; आणि आपल्या जागेत मुरूम लागता लागत नव्हता. शेवटी लागला, तेव्हा मिस्त्री पाया भरून मधला खड्डा बुजवायला निघाला. तू डोक्यावरची घागर खाली ठेवून काठावर उभी राहतेस. "एवढं खंदलं ते बुजवता कायले? खोली काढा तिथं." मिस्त्री म्हणतो, "वैनी, खेड्यात कोनी तळघर काढते का? सोनंनाणं पुरून ठेवाचं हाय का?" "पयले तुमची जीभ पुरतो," तू म्हणतेस. सगळे हसतात, मीही हसते. तू एकदम माझ्याकडे वळतेस. "लोकं हासते म्हणून तूही हासतं का वं? तुले सोताले काय वाटते ते सांग." मला काहीच वाटत नव्हतं. मी चपलेच्या टोकानं माती उकरत राहिले.

अकोल्याहून मी कृषीची पदवी घेऊन आले, तेव्हा घरातली पहिली पदवीधर म्हणून बाबांनी नांदगावच्या बाजारातून पेढे आणले. पदवी घेऊन मी शेतातच राहणार हे कळल्यावर मात्र ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एक एकर दिलं, तुतीसाठी. तुतीच्या पाल्यावर रेशमाच्या अळ्या वाढवायच्या, त्यांनी कोष केले की ते विकायचे. "एक हिवाळा पाह्यतो," बाबा म्हणाले. "कोष झाले त ठीक. नाई झाले त तुती उपटून तिथं कापसाची पऱ्हाटी. मंग बाई, नोकरी पाह्य नाई त पोरगा पाह्य." मी हो म्हटलं. मला भीती नोकरीची नव्हती. आपल्या गावात बाईमाणसाला घराजवळ राहून कापूस वेचण्यापलीकडेही एखादं काम असावं, एवढं मला दाखवायचं होतं, आणि त्यासाठी हा एकच हिवाळा हातात होता.

नुकत्याच जन्मलेल्या अळ्यांना सत्तावीस अंशांच्या आसपास ऊब लागते, आणि हवाही दमट लागते. आपल्याकडच्या पौषात ती कुठून आणायची? विजेचा भरवसा नाही, कोळशाच्या धुरानं अळ्या मरतात. म्हणून मी अळ्या तुझ्या तळघरात ठेवायचं आणि तिथं पेलेटची शेगडी लावायचं ठरवलं. वाळल्या पऱ्हाट्यांचा भुसा दाबून केलेल्या बोटाएवढ्या कांड्या वरच्या डब्यात भरायच्या. त्या थोड्या थोड्या खाली पडून जळतात, धूर नळीवाटे बाहेर जातो, आणि आतला पंखा बॅटरीवरही चालतो. अमरावतीच्या दुकानदारानं खोलीची लांबी-रुंदी विचारली, आकडे जुळवले आणि मोठीकडे बोट दाखवलं. बाबा सोबत होते. "मोठीच घे. थंडी काय तुले इचारून येईन?" मलाही ते पटलं. मोठी घेतली.

अळ्या यायच्या आधी मी ती नुसत्या पाल्यावर चालवून पाहिली. पूर्ण पेटवली की तळघर भट्टी होई आणि ट्रेमधला पाला पापडासारखा कुरकुरीत. असा पाला त्या इवल्या तोंडांना चाववत नाही. कमी केली की कांड्या धुमसत, काच काळी पडे, शेगडी विझे. दोन दिवस मी स्वतःला नावं ठेवत होते. मग भिंतीला हात लावला. बाहेर कडाक्याची थंडी आणि भिंत कोमट. दुकानदारानं उघड्यावरच्या खोलीचा हिशेब केला होता. आपल्या तळघराला तर चारी बाजूंनी माती पांघरलेली आहे. थंडी येत होती ती फक्त जिन्यावरून. मी जिन्याच्या तोंडाशी जाड वाकळ टांगली आणि मोठी शेगडी परत करायची म्हटलं.

बाबा खवळले. "लोकं लाहानी देऊन मोठी आनते, तू मोठी देऊन लाहानी आनून राहिली! हासन नं तो दुकानदार आपल्याले."

"हासू द्या, बाबा. अळ्या नाई मेल्या पाह्यजे."

दुकानदार खरंच हसला. "ताई, पुढच्या हिवाळ्यात याच रस्त्यानं परत याल," म्हणाला. लहान शेगडी घेऊन मी पिकअपमध्ये चालकाशेजारी बसले, आणि नांदगाव येईपर्यंत तळघराचा हिशेब पुन्हा पुन्हा मांडत राहिले.

ती शेगडी आता एका संथ लयीत जळते आहे. शेजारी पाण्याचं पसरट पातेलं ठेवलं आहे, पाला हिरवा राहतो. अळ्यांची दुसरी झोप झाली, त्या कात टाकून उठल्या आणि उठल्या उठल्या खायला लागल्या. तंबाखूच्या नुसत्या हातानंही या अळ्या मरतात, म्हणून बाबांना खाली यायची बंदी होती. काल जिन्यावरून आवाज आला, "साबनानं दोनदा धुतले वं हात. चूळबी भरली. येऊ का?" ते खाली आले, शेवटच्या पायरीवर बसले आणि ट्रेकडे वाकले. "लेकरं खादाड हायेत," एवढंच म्हणाले. पण जाताना वाकळ नीट ओढून गेले.

कोष व्हायला अजून अवकाश आहे, काहीही बिनसू शकतं, हे मला कळतं. तरीही आज सकाळी मी विहिरीजवळच्या तुकड्यात वाफे केले आणि दुसऱ्या एकराच्या रोपांसाठी तुतीच्या काड्या लावून टाकल्या, पाणीही दिलं. बाबांना अजून सांगितलेलं नाही. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणूनच तुला आधी सांगायचा धीर झाला.