वरच्या वाऱ्याबद्दल मी तुला जे सांगितलं

बा, तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहितोय. जिच्याशी बोलायला हवं होतं ती आईही आता नाही.

स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली असतील. खाडीवरच्या टेकडीवर वेधशाळा होती, तिथे मी नोकरीला होतो. रोज गॅसचा फुगा सोडायचा, तो कुठे वाहत जातो ते दुर्बिणीतून बघायचं आणि वरचा वारा मोजायचा, हे माझं काम. तू दिघीहून मचवा घेऊन मासेमारीला जायचास. नोव्हेंबरातली ती सकाळ. आई विहिरीवर गेली आहे, मी चुलीपुढे भाकरी खातोय आणि तू दारात उभा आहेस, गुडघ्यापर्यंत ओला.

"दर्या अजून ऊन हाय रं," तू म्हणालास. "वारा न्हाय, पन लाट लांबून येते. वादळ व्हईल का?"

आयुष्यात पहिल्यांदाच तू मला काही विचारत होतास. मी तोंडातला घासही न गिळता शिकवायला लागलो. नुसता समुद्र तापून वादळ होत नाही, बा. पाण्यावरची दमट हवा वर चढते, ढग उंच होतात, पण ते उभे राहायला हवेत. सध्या उत्तरेतून आपल्या बाजूला सरकलेला जोराचा पश्चिमी वारा खूप वर वाहतोय. खाली एक वारा, वर दुसरा. ढगांचे शेंडेच उडून जातात. वादळाला मूळ धरता येत नाही.

"मंग जाऊ?"

"जा."

खरं सांगू? तो वारा मी दोन दिवसांपूर्वी मोजलेला होता. आदल्या दिवशी फुगा खालच्याच ढगात शिरला आणि हरवला. वर काय चाललंय हे मला ठाऊक नव्हतं. तेवढंच म्हणालो असतो तर?

दुपारी ढगांत फट पडली तेव्हा मी फुगा सोडला. तो सरळ डोक्यावर चढत गेला. दुर्बीण हलवावीच लागेना. वरचा वारा पडला होता. शेकडो मैलांवरची हवा सरकली होती आणि वादळाला मोडणारं काही उरलं नव्हतं. मी पळत धक्का गाठला. "धोक्याचा बावटा चढवा!" बंदरावरच्या माणसाने दोर हातात घेतला. "चढवतो. पन गेलेल्यांना तो दिसनार हाय का?" मी कमरेएवढ्या पाण्यात शिरून ओरडत होतो, बा, परत फिर, बा! समोर एकही शीड नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तुझा एक खलाशी किनाऱ्याला लागला, जिवंत. बाकी कुणी नाही. तो मला म्हणाला, "तांडेलाला, तुज्या बाला, दर्या कळला व्हता. आमी म्हनलो, फिरू या. तो म्हनला, माझा पोर वरचा वारा बघतो, तो सांगतो काय व्हनार न्हाय."

त्यानंतर मी नकाशांवर कितीतरी वादळं बनता बनता मोडलेली पाहिली. वरचा वारा आला आणि त्यांची वाताहत झाली. दर वेळी जीव तुटतो. मग तेच एक का नाही मोडलं?

हे पत्र टाकायचं कुठे? फाडेन बहुतेक. एक मात्र लिहून ठेवतो. त्या खलाशाचे पाय धरून मी त्याला गप्प केलं आणि आईला सांगितलं की तू मला न विचारता गेलास. ती मरेपर्यंत तुलाच हट्टी म्हणत राहिली, आणि मी तिच्या शेजारी बसून ऐकत राहिलो.