कापूस निघाल्यावर समुद्र

११ जानेवारी

किती वर्षांपूर्वीची अशीच थंडी; मी सडा टाकत होते, आमचे हे तपकिरी स्वेटर घालून गाय दोहत होते. म्हणाले, "कापूस निघू दे, मंग थंडीत समुद्र पाहून येऊ." कापूस निघेपर्यंत ऊन यायचं, मग पाऊस. अशीच वर्षं गेली, मग हेही गेले.

आता एकटीच निघते. एसटीला बायांना अर्धं तिकीट, मुक्काम धर्मशाळेत, ऊन तापायच्या आत परत.

जाऊबाई म्हणाल्या, "एकटी काऊन जातं वं? लोक काय म्हणतीन?"

लोकांचं काही नाही. पण समुद्र पाहून सांगायचं कोणाला? यांचं स्वेटर पिशवीत घातलं, काढलं, पुन्हा घातलं.

१२ जानेवारी

पहाटे दशम्या केल्या. सवयीनं दोघांपुरत्या झाल्या. सगळ्या बांधल्या, स्वेटर अंगात घातलं आणि समुद्राकडे निघायला बुलढाण्याची पहिली गाडी धरली.