अकरा मंद पेशी

४ मार्च
नियतकालिकानं शोधनिबंध स्वीकारला! सरांनी सगळ्यांसमोर दादाची पाठ थोपटली. प्रयोगशाळेत तो सगळ्यांचाच दादा. मेंदूच्या जिवंत पेशीला काचेची नळी कशी लावायची, हे मला त्यानंच शिकवलं. या निबंधावर त्याची नोकरी पक्की. त्यातल्या अकरा पेशींच्या नोंदी माझ्या हातच्या — सर परदेशी होते आणि दादा वडिलांच्या आजारपणात गुपचूप घरी गेला होता, तेव्हाच्या. सरांना कुठे माहीत!

७ मार्च
आईला फोनवर समजावलं. स्पर्शाची खबर आधी मेंदूच्या मध्यावरच्या थॅलॅमसला, तिथून मेंदूच्या वरच्या थरात. तिथल्या काही पेशी खबर पुढे नेतात, काही इतरांना गप्प करतात. गप्प करणाऱ्यांत चपळ आणि मंद अशा दोन जाती. चपळांना थॅलॅमसची खबर थेट मिळते, हे जुनंच. मंदांनाही थेट मिळते, हे आमचं.
आई म्हणाली, "थेटच कशावरून? शेजारणीनं सांगितलं असेल."
हसले. फोन ठेवल्यावर मात्र ते डोक्यातून जाईना.

९ मार्च
तपासायची रीत आहे. थॅलॅमसला विजेच्या भराभर टिचक्या द्यायच्या. थेट जोडलेली पेशी प्रत्येक टिचकीला ओ देते. ऐकीव खबरीवर चालणारी मागे पडते. माझ्या त्या अकराही पेशी मंद, त्यांच्यावर मी हे टाळलं. तेवढ्यात पेशी मरायची, दिवस फुकट जायचा. दादाला मात्र लिहून दिलं, 'सर्व पेशींवर चाचणी केली'. त्यानं विश्वासानं तसंच छापायला दिलं.

१२ मार्च
आज दोन मंद पेशी धरल्या. चौथ्या टिचकीलाच दोघी गप्प. म्हणजे खबर शेजारणीचीच. दादा मागे उभा होता.
"आता हे कशाला उकरतेयस?"
"सहज."
तो पडद्याकडे बघत राहिला. मग माझ्या जुन्या फाइली मागितल्या. दिल्या.

१३ मार्च
सरांना सांगायला हवं. सांगितलं तर त्याची नोकरी जाईल, माझी पदवीही.

१४ मार्च
सरांच्या दारापर्यंत दोनदा गेले. आत कुणीतरी होतं. बरं वाटलं. लाज कशी वाटत नाही मला?

१५ मार्च
सरांनीच बोलावलं. काल संध्याकाळी दादा येऊन गेला म्हणे. 'निबंध मागे घ्या, मंद पेशींची चाचणी मी टाळली, माझी चूक,' असं सांगून.
सर म्हणाले, "त्या कामात तू होतीस का?"
"नव्हते," म्हणाले मी.