टी, ए, ई

ती. ताई,

लांबूनच नमस्कार. (जवळून करायची हिंमत आली की वाकून करीन.) तुमचा गुडघा आता बरा असेल, भावोजींचा खोकला गेला असेल, आणि माझं अक्षर ओळखून तुम्ही पाकीट न फोडता ठेवून दिलं नसेल, अशी आशा करते. सर्वात आधी हे लिही असं तुमच्या भावानं बजावलं होतं की आई आहेत. म्हणजे जिवंत आहेत. पहिल्या ओळीत लिहायचं ते इतकं खाली आलं, त्याबद्दल माफ करा. घाबरले की माझं असंच होतं, आणि सध्या मी सकाळी उठल्यापासून घाबरलेली असते.

तेवीस दिवसांपूर्वी आई न्हाणीघराच्या दारात खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. नऊ दिवस दवाखान्यात होत्या, आता घरी आहेत. डॉक्टर म्हणाले, “दोन महिने फार जपा. पुन्हा झटका आला तर...” आणि खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांनी ते वाक्य अर्धवट सोडलं ते सोडलंच. मी ते रोज वेगवेगळ्या तऱ्हेनं पूर्ण करते. तुम्हाला कळवायला तुमच्या भावानं तीन वेळा फोन उचलला आणि तीन वेळा खाली ठेवला. (लिफ्टमध्ये अडकलेल्या अनोळखी लोकांशी हा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस दाराबाहेर उभा राहून तासभर गप्पा मारतो, त्यांना धीर देतो. सख्ख्या बहिणीशी बोलायचं म्हटलं की याचाच आवाज दोन मजल्यांच्या मधे अडकतो.)

घरी आणल्यावर दोन दिवसांनी वाचा-उपचाराच्या बाई आल्या. फार गोड, फार हळू बोलतात, त्यामुळे आणखी भीती वाटते. त्यांनी आईंच्या मांडीवर ट्रे ठेवला आणि विचारलं, आजी काय काम करायच्या? मी सांगितलं, चौतीस वर्षं लहान मुलांना इंग्रजी शिकवायच्या. बाई खूश झाल्या, पिशवीतून लाकडी इंग्रजी अक्षरं काढली आणि म्हणाल्या, फार दिली तर गोंधळ होईल, तीनच देऊ. ए, ई आणि टी. तुम्हाला आईंचा तो धडा आठवत असेल, तुम्हा दोघांनाही तो जेवतानासुद्धा चुकला नव्हता म्हणे. टी-ई-ए, टी, म्हणजे चहा. ई-ए-टी, ईट, म्हणजे खाणे. ए-टी-ई, एट, म्हणजे खाल्ले. अक्षरं तीच, पण जागा बदलली की अर्थ बदलला, म्हणून प्रत्येकानं आपापल्या जागेवर बसायचं! (हे शेवटचं मुलांसाठी होतं की अक्षरांसाठी, मला अजून कळलेलं नाही.)

आईंनी डाव्या हातानं, घाम येईपर्यंत कष्ट घेऊन, अक्षरं लावली. टी, ए, ई.

असा शब्दच नाही. तुमच्या भावानं शब्दकोशात पाहिलं, मग मी पाहिलं. (त्यांनी पाहिल्यावर मी पुन्हा पाहते. गॅस बंद आहे का, हेही.) आम्ही ठरवलं की हात डावा आहे, अक्षर घसरलं असेल. मी ई आणि ए यांची अदलाबदल केली आणि झाला चहा. किती आनंद झाला म्हणून सांगू! आईंनी चहा मागितला! पातळ काही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं ते त्या आनंदात मी विसरले. दुसऱ्याच चमच्याला ठसका लागला. ताई, चेहरा निळा पडला त्यांचा. मी पाठ चोळत होते आणि तोंडानं काय बोलत होते ते आठवत नाही, पण तुमचे भाऊ सांगतात, मी “सॉरी टीचर, सॉरी टीचर” म्हणत होते. श्वास परत आला तेव्हा मी जमिनीवर बसले होते. आईंनी ट्रे ओढला आणि पुन्हा लावलं. टी, ए, ई.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याचं ईट केलं. मऊ केळं कुस्करून नेलं, तर दात घट्ट मिटून घेतले. डोळे मात्र माझ्यावर रोखलेले. ते डोळे तुम्हाला माहीत आहेत. अर्ध्या चेहऱ्यातला एकच डोळा आता नीट उघडतो, पण वर्गाला एक पुरेसा आहे.

तिसरा दिवस सर्वात वाईट. आता उरला एट, म्हणजे खाल्ले. कुणी खाल्ले? घरात मीच होते. मी खुर्चीच्या कडेला बसून आठवू लागले की गेल्या अठरा वर्षांत मी काय काय खाल्लं. बोलणी खाल्ली. (ती त्यांचीच.) तुमच्या भावाचं डोकं खाल्लं. माहेरी भाव खाल्ला. एकदा पोहायला शिकताना गटांगळ्या खाल्ल्या. यातलं काहीच त्या विचारत नसणार. त्या ट्रेवर बोट आपटत होत्या, ठक, ठक, ठक, आणि मला वाटलं, कळलं यांना. सगळं कळलंय.

आता पुढचं उभ्यानं वाचू नका, बसा.

दोन वर्षांपूर्वी तुमचा फोन आला होता. तुम्ही म्हणालात, “आईला विचार, मी येऊ का?” मी म्हणाले, विचारून कळवते. त्या दिवशी आईंचा पारा चढलेला होता, म्हटलं उद्या विचारू. उद्या पाहुणे होते. मग आठवडा गेला, मग इतके दिवस का नाही विचारलंस, याचं उत्तर शोधण्यात महिना गेला. तुमचा पुन्हा फोन आला नाही. मी विचारलंच नाही, ताई. तुम्ही ते आईंचं “नाही” समजलात, आणि आई तुम्हाला त्यांची आठवणच येत नाही असं समजल्या. तो निरोप मी खाल्ला. भीतीनं खाल्ला, पण खाल्ला.

ठक, ठक. मी आईंना सगळं सांगून टाकलं. “ताईंचा फोन आला होता” एवढं ऐकताच त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं, असं धरलं की बांगडी रुतली. मी हात सोडवून स्वयंपाकघरात पळाले आणि अर्धा तास घासलेली भांडी पुन्हा घासली.

रात्री तुमच्या भावाला सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, म्हणून मी जास्तच घाबरले. ते ट्रेकडे बघत म्हणाले, “ई-टी-ए असेल. आमच्या कामात लिहितात. माणूस किती वाजता पोहोचेल ती वेळ.” आईंना कुणाच्या पोहोचण्याची वेळ कळली आहे, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण त्या रात्री दाराची कडी दोनदा तपासली, एकदा मी आणि एकदा त्यांनी. जणू यमाला अडवणं कडीनं होण्यासारखं होतं!

असे बारा दिवस गेले. आज सकाळी मालीशवाल्या मावशी आईंचा हात चोळत होत्या. त्यांचं इंग्रजी अक्षरांपर्यंतच आहे. त्यांच्या मुली फोनवर इंग्रजी अक्षरांत मराठी निरोप पाठवतात, तेवढं त्या वाचतात. त्यांनी ट्रेकडे पाहिलं आणि सहज विचारलं, “ताई कोण हो?”

मी म्हटलं, “कोण ताई?”

“हे काय, लिहिलंय की. टी-ए ता, आणि ही ई. ताई.”

आईंच्या घशातून असा आवाज आला की मी पुन्हा डॉक्टरांना फोन करायला धावणार होते. पण त्या रडत होत्या. मावशींचा तेलकट हात धरून, अर्ध्या तोंडानं हसत रडत होत्या. घरात सगळे तुम्हाला ताई म्हणतात, आईसुद्धा, हे मला ठाऊक असून मी बारा दिवस तुम्हाला उलटसुलट करून तुमच्यातून चहा काढत होते.

तुमचं पत्र तांबड्या शाईनं ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत पाठवणारी बाई आहे ही. त्या पत्रावरून तुम्ही सहा वर्षं इथे पाऊल ठेवलं नाही. चूक त्यांची होती, हे त्यांना पटलंय की नाही, मी सांगू शकत नाही, तेवढी अक्षरं ट्रेवर नाहीत. पण तुम्ही दोन वर्षांपूर्वी प्रश्न विचारला होता आणि मी कळवते म्हटलं होतं. तर कळवते. आईंनी उत्तर दिलंय, रोज दिलंय, आणि आज मला वाचता आलं. दोन महिन्यांतले तेवीस दिवस संपले.

भावोजींना नमस्कार. माझ्यावर जेवढं रागवायचं तेवढं रागवा, मी उभी राहून ऐकून घेईन. फक्त ते समोर येऊन रागवा.

तुमची (अजून मानत असाल तर)
वहिनी

ता. क. एक छोटंसं काम होतं. मावशी गेल्यापासून आई टी आणि ए लावतात, ई बाजूला सारतात आणि रिकाम्या जागेवर बोट ठेवून माझ्याकडे बघतात. त्यांना तिथे आय हवा आहे. स्पेलिंग चुकलेलं त्यांना चालणार नाही, या अवस्थेतही नाही. बाईंच्या पिशवीतला आय हरवलाय. तुमच्याकडे लाकडी आय मिळाला तर पाठवाल का? पोस्टानं नको, एवढीशी वस्तू गहाळ होईल. कुणीतरी स्वतः हातात घेऊन आणलेला बरा.

आणखी एक ता. क. तुमच्या भावानं हे पत्र वाचलं आणि म्हणाले, आय तर आपल्या कोपऱ्यावरच्या खेळण्यांच्या दुकानात मिळतो. मिळतो. दुपारीच बघून आले, पुढच्याच फळीवर आहे. घेतला नाही.